आतली कडी

मॅडम कुणाकडेही गेल्या की आधी टॉवेल हाताला लावून बघायच्या. माझ्या लग्नानंतर त्या पहिल्यांदा घरी आल्या, हात धुवायला म्हणून आत गेल्या आणि बाहेर येऊन शांतपणे म्हणाल्या, "दोन टॉवेल ओले, एक कोरडा. तुमचे यजमान आज आंघोळ न करता ऑफिसला गेलेत." गेले होते. सासूबाईंनी पुढे कितीतरी दिवस या बाईंचं नाव निघालं की तोंड वाकडं केलं. नवरा मात्र तेव्हापासून शनिवारीसुद्धा नेमाने आंघोळ करतो.

आमची ओळख कामातली. ज्या मुलांना कुणी नाही, किंवा असून सांभाळता येत नाही, ती मुलं सरकारच्या ताब्यात येतात आणि बालगृहात राहतात. तिथे त्यांना नीट ठेवतात की नाही हे बघायला जिल्ह्यात एक तपासणी समिती होती. समितीवर एखादा तरी सदस्य बाहेरचा असावा, खात्याचं मीठ न खाल्लेला, म्हणून मॅडमना घेतलेलं. घेणाऱ्यांना नंतर त्याचा फार पश्चात्ताप झाला. मी त्या समितीची कंत्राटी टंकलेखिका होते. अकरा महिन्यांची नोकरी, आणि अध्यक्षसाहेबांनी सही केली तर पुढचे अकरा महिने.

त्याआधी मॅडम वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. मंडईत त्या दिसल्या की अर्ध्या गाळ्यांवरचे तराजू बदलायचे म्हणे. मूळ घर नागपूरकडचं, आजोबांनी धम्म स्वीकारलेला. वडील खडकीला कारखान्यात लागले म्हणून सगळे इकडे आले. शाळा पुण्यातली, त्यामुळे बोलणं इस्त्री केलेलं. राग आला की मात्र ती इस्त्री मोडायची आणि "काय करून राहिल्या तुम्ही?" असा थेट नागपुरी प्रश्न यायचा. तो कानावर पडला की आमचा ड्रायव्हर गाडी चालू करून ठेवायचा, कारण आता मॅडम तरी बाहेर येणार किंवा समोरचं माणूस तरी.

पर्समध्ये शिंप्याकडची फीत असायची. दोन पलंगांमधलं अंतर, चादरीची लांबी, खिडकी जमिनीपासून किती वर, सगळं त्या मोजायच्या. एकदा मी अहवालात "पांघरुणे साधारण पुरेशी आहेत" असं टाइप केलं. त्यांनी कागद परत दिला. साधारण म्हणजे किती, असं विचारलं. मी म्हटलं, मॅडम, म्हणजे ठीकठाक. त्यावर त्यांनी मला परत तिथे नेलं, एका उंच मुलीला पलंगावर झोपायला सांगितलं आणि पांघरुणाबाहेर राहिलेले पाय फितीने मोजायला लावले. अकरा इंच. "लिहा," म्हणाल्या, "अकरा इंच मुलगी उघडी."

त्यांच्या जुन्या खात्यातली एक सवय मला फार उशिरा कळली. दुकानदार तपासणीच्या वेळी नवं कोरं वजन पुढे करतो. ते बघायचं नसतं, रोजच्या वापरातलं, झिजलेलं शोधायचं असतं. इथेही त्या तेच करायच्या, फक्त उलट्या बाजूने, इथे झिजलेलं दिसलं की समाधान. बाकीचे सदस्य गाद्यांचे नवे अभ्रे बघून माना डोलवायचे, मॅडमचा चेहरा नव्या वस्तूने उतरायचा. दात घासायचे ब्रश उघडून त्या केस वाकलेत का बघायच्या. कॅरमच्या कोपऱ्यातल्या जाळ्या अखंड दिसल्या की अधीक्षकांना विचारायच्या, "आज सकाळीच काढला का कपाटातून?" आणि अकराच्या सुमाराला दोरीवरचे टॉवेल. साठ मुली राहतात तर साठ ओले टॉवेल हवेत, इतका सरळ हिशेब.

तपासणीला गेल्यावर त्या चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. पाण्याची बाटली स्वतःची. आमच्या कार्यालयात बैठकीला सामोसे यायचे, तेही नाहीत. चहा पोटात गेला की अहवालात साखर उतरते, असं त्यांचं म्हणणं. सामोशांना त्यांचा विरोध का, हे साहेबांनी एकदा चेष्टेत विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या की सामोसे उत्तम असतात, म्हणूनच भीती वाटते.

त्या मुलींना अहोजाहो करायच्या, यावर तर सगळे हसायचे. नऊ वर्षांच्या पोरीपुढे वाकून, "ताई, तुमचा पलंग कोणता? बसू का मी जरा?" असं विचारायच्या. ती पोर आधी खिदळली, मग दोन्ही हातांनी चादर सारखी केली आणि म्हणाली, "बसा." पुढे आठवडाभर त्या खोलीत मुली एकमेकींना "अहो, तुम्ही माझा कंगवा घेतलात का?" असं म्हणत होत्या, हे तिथल्या काळजीवाहू ताईंनी तक्रारीच्या सुरात आम्हाला सांगितलं. मी मॅडमना विचारलं, एवढ्याशा मुलींना कशाला तुम्ही वगैरे. तर म्हणाल्या, "घर त्यांचं आहे ना? ज्याच्या घरात आपण तपासायला शिरतो, त्याला अरेतुरे करू नये."

आता माझं सांगते, कारण ते टाळलं तर हे सगळं खोटं होईल.

आमच्या भेटी अचानक असायच्या. कागदावर. आदल्या संध्याकाळी मी बालगृहात फोन करायचे, "उद्या येतोय, मॅडम पण आहेत." मला कुणी हुकूम दिला नव्हता. माझ्या आधीची टंकलेखिका करायची, तिने जाताना फोन नंबरांची वही माझ्या हातात दिली. अधीक्षक हजर असावेत, रजिस्टरं तयार असावीत, एवढ्यासाठीच, असं साहेब म्हणायचे. मला त्यात चूक दिसत नव्हती, खरं तर दिसायला नको होती. अकरा महिने संपत आले की माणसाची नजर अधू होते.

मॅडमना संशय आलाच. मग त्या मला आदल्या दिवशी सांगायच्या हडपसर, आणि सकाळी गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला म्हणायच्या, "उजवीकडे घ्या, औंधला जाऊ." हडपसरची संस्था दिवसभर पोहे झाकून वाट बघत बसायची. नंतर फोनवर मला शिव्या पडायच्या. मॅडमनी मात्र मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि त्यांचं न विचारणं मला जास्त टोचायचं.

नदीपलीकडे मुलींचं एक बालगृह होतं. तिथल्या अधीक्षिका वाईट नव्हत्या, भित्र्या होत्या. वरून काही येईल याची भीती, खालून काही वर जाईल याची भीती. मला त्यांची दया आली आणि मी फोनवर एकदा सांगून बसले, की मॅडम टॉवेल ओले आहेत का बघतात हो, तेवढं सांभाळा. मला वाटलं, यात काय, मुली आंघोळ करतातच. त्या वेळी मॅडमनी मला जागा खरी सांगितली होती. मुद्दाम, हे आता कळतं.

आम्ही अकराला पोचलो. दोरीवर साठ टॉवेल निथळत होते. खाली फरशीवर पाण्याची ओळ. मी मनात म्हटलं, चला, सुटल्या बिचाऱ्या. मॅडम दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, एक टॉवेल नाकाला लावला, दुसरा लावला. मग अधीक्षिकांकडे वळून विचारलं, "आज वार कोणता?"

गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत. मुलींना त्या दिवशी आंघोळ नसायचीच, पाणी पुरवून वापरायचं म्हणून. आणि माझ्या फोनला घाबरून या बाईंनी पिण्याच्या पिंपातलं पाणी काढून साठ टॉवेल भिजवले होते. एकाही टॉवेलला साबणाचा वास नव्हता. दुपारच्या जेवणाला मुलींना पाणी पुरलं नाही. सहावीतली एक मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडमच्या बाटलीतलं थोडं देता का?" मॅडमनी बाटली तिला देऊन टाकली. मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली की मी रजिस्टर तपासायच्या निमित्ताने तोंड खाली घालून बसले.

त्याच दिवशी ती चिठ्ठी मिळाली. प्रत्येक बालगृहात तक्रारपेटी असते. तिथली पेटी अधीक्षिकांच्या दारातच टांगलेली होती आणि किल्ली त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. मॅडमनी आधीच्या भेटीत पेटी ते खुर्ची अंतर मोजलं होतं, सात फूट. मग पेटी न्हाणीघरांच्या बोळात हलवायला लावली, तिला स्वतःचं कुलूप घातलं, आणि त्याची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. साहेब म्हणाले, हे नियमात कुठे आहे. मॅडम म्हणाल्या, नियमात पेटी आहे, आणि जी पेटी उघडायची भीती वाटते ती पेटी नसते, शोभेची वस्तू असते.

त्या गुरुवारी पेटीत एकच घडी होती, गणिताच्या वहीचं चौकटीचं पान. बोळात उभ्या राहून मॅडमनी वाचली आणि माझ्यापुढे धरली. "न्हाणीघराला आतून कडी नाही. आम्ही आत असताना ताई दार उघडतात, कधी शिपाईकाका पाण्याचं बघायला येतात. मी अंगावर कपडे ठेवून आंघोळ करते. कृपया कडी द्या." खाली नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. शाई हिरवी होती. त्या बालगृहात हिरव्या शाईचं पेन एकाच मुलीकडे होतं, चित्रकलेच्या स्पर्धेत मिळालेलं. दहावीत होती. मागच्या भेटीत तिने मला मोठ्या हौसेने वही दाखवली होती, सगळी हिरवी.

आणि मला एक गोष्ट माहीत होती. वर्षापूर्वी जेवणाबद्दल तक्रार करणाऱ्या मुलीची "प्रशासकीय कारणास्तव" दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती. शाळा अर्धी टाकून, मैत्रिणी टाकून. त्या आदेशाची प्रत मीच फाइलला लावली होती.

परतताना गाडीत मॅडम बाहेर बघत म्हणाल्या, "टॉवेलचं तुम्हीच सांगितलं होतं ना." मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी तुमची तक्रार करणार नाही. तुमची नोकरी कशी आहे मला माहीत आहे. पण पिंप रिकामं झालं ते तुमच्या एका फोनने, एवढं लक्षात ठेवा." त्यानंतर मी ती नंबरांची वही कधी उघडली नाही.

चिठ्ठी त्यांनी फाइलला लावू दिली नाही. मजकूर मला टाइप करायला सांगितला आणि मूळ कागद पर्समध्ये, फितीच्या खाली ठेवला. पुढच्या आठवड्यात बैठक होती. साहेबांनी अधीक्षिकांनाही बोलावलेलं. मॅडमनी टाइप केलेला मजकूर वाचून दाखवला आणि सहा न्हाणीघरांना सहा कड्या, एवढी एकच शिफारस मांडली. अधीक्षिका म्हणाल्या की मुली आत कोंडून घेतील, जिवाचं बरंवाईट करून घेतील, मग जबाबदार कोण. भीती अगदीच खोटी नव्हती. मॅडम म्हणाल्या, इस्पितळात असते तशी कडी लावू, आतून लागते आणि अडचण आली तर बाहेरून पेचकस घालून उघडते. उघडता येतं, पण आधी दार वाजवावं लागतं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, निनावी तक्रार अशी कशी धरायची, मूळ कागद पटलावर ठेवा. अधीक्षिकाही म्हणाल्या, अक्षर बघितलं म्हणजे त्या मुलीचं समुपदेशन करता येईल. समुपदेशन म्हणजे काय हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

मॅडमनी पर्स उघडली, कागद काढला. मला वाटलं, देतायत. त्यांनी त्याची एक घडी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली, आणि तोंडात टाकला. सावकाश चावला. गणिताच्या वहीचं पान जाड असतं, वेळ लागला. साहेबांच्या हातातला सामोसा हातातच राहिला. मॅडमनी बाटलीतल्या पाण्याचा घोट घेतला, रुमालाने ओठ टिपले, तिथे किंचित हिरवं लागलं होतं, तो रुमाल मुठीत दाबला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या कार्यालयात मी खाल्लेली ही पहिली गोष्ट. इतिवृत्तात घ्या."

साहेब भडकले. शासकीय पुरावा नष्ट केला, मी कारवाई करीन, असं बरंच काही. मॅडम म्हणाल्या, जरूर करा. मग साहेब माझ्याकडे वळले. माझ्या कराराची फाइल त्यांच्या टेबलावरच होती, वरच्या वर. आवाज एकदम मऊ केला. "तुम्ही पाहिली होती ना चिठ्ठी? टाइप तुम्हीच केली."

"पाहिली होती, साहेब."

"अक्षर कसं होतं? शाई कुठली?"

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. फीत गुंडाळत होत्या. मला ती निथळत्या टॉवेलांची दोरी दिसली, आणि अंगावर कपडे ठेवून आंघोळ करणारी ती मुलगी.

"निळी," मी म्हटलं. "सगळ्या मुलींची असते तशीच."

माझा करार त्या महिन्यात संपला आणि पुढची सही झाली नाही. मॅडमची मुदतही महिनाअखेर संपत होती, ती कुणी वाढवणार नव्हतं. शिफारशीवर साहेबांनी शेरा मारला, "सुरक्षेच्या दृष्टीने विचारविनिमय करून यथावकाश निर्णय घ्यावा." हा शेरा मी आधी इतक्यांदा टाइप केला होता की त्याचा अर्थ मला पाठ होता.

मॅडमनी मला फोन केला. म्हणाल्या, "सोमवारी दहा वाजता, नदीपलीकडे." मी विचारलं, खरंच तिथेच ना. म्हणाल्या, "आता तुमच्याशी खोटं बोलायची गरज उरली नाही." एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मुदतीचे दोन दिवस शिल्लक होते. मॅडमच्या पिशवीत सहा कड्या होत्या, स्क्रू होते, पेचकस होता, भोक पाडायचं गिरमिट होतं. कड्या कसबा पेठेत बनवून घेतलेल्या. तिथे तराजू दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर होते, ज्यांचा परवाना मॅडमनी पूर्वी दोनदा अडवला होता. ते म्हणे पुटपुटत राहिले, पण चार दिवसांत माप घेऊन बाहेरून पेचकसाने फिरणारी खाच पाडून दिली, आणि बाई तपासणार म्हणून प्रत्येक कडी शंभरदा लावून काढून पाहिली.

अधीक्षिका बोळाच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या. परवानगी कुठे आहे, मी वर कळवीन, मला लेखी द्या. मॅडम म्हणाल्या, "काय करून राहिल्या तुम्ही? बाजूला व्हा." मग परत पुणेरी होऊन, "तक्रार माझ्या नावाने करा. नाव सांगते, पेन देऊ का?" आणि त्या खाली बसून पहिल्या दाराला भोक पाडायला लागल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखणारी. शाळेला निघालेल्या मुली दप्तरं घेऊन बोळात जमा झाल्या. कुणी स्क्रू धरले, कुणी भुसा पुसला. हिरव्या पेनाची मुलगीही होती, माझ्या शेजारीच. मॅडमनी तिला बाकीच्या मुलींसारखंच म्हटलं, "ताई, तो पेचकस द्या जरा." त्यापलीकडे तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते न पाहणं किती अवघड होतं ते मला ठाऊक आहे, कारण मला ते जमत नव्हतं.

एकेक दार झालं की मुली आत जाऊन कडी लावून बघत. खट्. बाहेर येत, पुन्हा जात. सहाव्या दाराशी मॅडम फीत लावून कडीची उंची मोजत होत्या, लहान मुलींचा हात पोचेल का म्हणून, तेवढ्यात अधीक्षिका फोन करून परत आल्या. साहेबांनी काही धीर दिला असावा. त्यांनी बोळातलं पहिलं दार सवयीने ढकललं. उघडलं नाही. पुन्हा ढकललं. मग हाताने थापटलं आणि ओरडल्या, "कोण आहे आत? उघड."

आत नळ सुरू झाला. मी बोळात वळून पाहिलं, माझ्या शेजारची जागा रिकामी होती. दप्तर भिंतीला टेकवलेलं. मॅडम फीत हातात धरून तशाच थांबल्या.

अधीक्षिकांनी परत दार वाजवलं. आतून बादली भरत असल्याचा आवाज येत राहिला, आणि मग अजिबात घाई न करता तिचं उत्तर आलं.

"आहे मी आत. वेळ लागेल."